एक्झॉस्टचं तापमान कसं वाचायचं: डिझेलला वेगळं, पेट्रोलला वेगळं

पाण्याच्या तापमानाचा काटा बघत आपण सगळे घाट चढतो, आणि काटा मध्यावर असला की निर्धास्त राहतो. पण तो काटा उशिरा बोलतो. इंजिनातलं पाणी आणि लोखंड तापायला मिनिटं लागतात. पिस्टनच्या डोक्यावर आणि टर्बोच्या (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) चाकावर जे चाललेलं असतं ते मात्र सेकंदांत बदलतं. ते कळायचं असेल तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूचं तापमान मोजायचं. त्यालाच एक्झॉस्ट गॅस टेम्परेचर म्हणतात, थोडक्यात ईजीटी.

मी हे मीटर पहिल्यांदा बसवलं ते काकांच्या जुन्या डिझेल पिकअपवर. बीएस-४ या धुराच्या नियमांच्याही आधीची, टर्बो आणि इंटरकूलरवाली (इंटरकूलर म्हणजे टर्बोने दाबलेली हवा निववणारी जाळी), पंप साधा मेकॅनिकल. मे महिन्यात रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून कोल्हापूरला जायचो. साखरपा सोडलं की आंबा घाट सुरू होतो आणि गाडीची खरी परीक्षा तिथून. पुढे धाकट्या भावाच्या पेट्रोल कारवरही मीटर लावलं. तेव्हा कळलं की डिझेलवर शिकलेलं पेट्रोलवर जसंच्या तसं लावलं तर फसगत होते. म्हणून नव्याने मीटर लावणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आधी समजून घ्या: दोन इंजिनं, दोन स्वभाव

डिझेल इंजिनात हवा अडवून वेग सांभाळत नाहीत. हवा जितकी येईल तितकी येते, आणि तुम्ही पाय दाबता तेव्हा फक्त डिझेल वाढतं. गाडी आयडलला, म्हणजे जागेवर नुसती चालू, असते तेव्हा एक भाग डिझेलला पन्नास भागांहूनही जास्त हवा असते. एवढ्या हवेत ती थोडीशी उष्णता पसरून जाते, म्हणून आयडलला डिझेलचा एक्झॉस्ट अगदी कोमट. पूर्ण लोडवर तेच प्रमाण वीस भागांच्या आसपास येतं. आणखी डिझेल ढकललं तर काळा धूर निघतो आणि तापमान चढतच जातं. थोडक्यात, डिझेलमध्ये इंधन वाढलं की उष्णता वाढते. हवा कमी पडली तरी उष्णता वाढते. नियम सरळ आहे.

पेट्रोलचा नियम असा सरळ नाही. तिथे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण जवळपास ठरलेलं असतं, १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. आयडलला गाडी कमी हवा आत घेते आणि त्या मानाने कमी पेट्रोल टाकते, पण प्रमाण तेच राहतं. म्हणून आयडललाही एक्झॉस्ट चांगला गरम असतो. या प्रमाणाच्या आसपास तापमान सगळ्यात जास्त, आणि तिथून कुठल्याही बाजूला गेलात तरी ते उतरतं. पेट्रोल जास्त झालं तरी उतरतं, हवा जास्त झाली तरी उतरतं. एखाद्या टेकडीसारखं. डिझेलच्या बाबतीत आपण टेकडीच्या एकाच उतारावर असतो, पेट्रोलच्या बाबतीत माथ्यावर. त्यामुळे पेट्रोलमध्ये आकडा खाली आला म्हणजे बरं झालं, असं मुळीच धरायचं नाही.

दुसरी गोष्ट जळण्याच्या वेळेची, ती दोन्हीकडे सारखी. पेट्रोलमध्ये ठिणगी उशिरा पडली, म्हणजे मिस्त्री म्हणतात तसं टायमिंग मागे गेलं, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही आत जळणं चालूच असतं आणि ती धग बाहेर येते. डिझेलमध्ये इंजेक्शन उशिरा झालं तर तसंच होतं.

आणखी एक फरक कॉम्प्रेशनचा, म्हणजे आत घेतलेली हवा किती पट दाबली जाते त्याचा. डिझेलचं १६ ते १८, पेट्रोलचं साधारण १० च्या आसपास. डिझेलमध्ये जळलेला वायू जास्त प्रसरण पावतो, जास्त काम करतो आणि बाहेर पडताना निवलेला असतो. पेट्रोलचा एक्झॉस्ट मुळातच जास्त गरम असतो तो यामुळेही.

पायरी पहिली: गाडीत आधीच सेन्सर आहे का ते बघा

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ आलं. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांना धुराची काजळी अडवणारा डीपीएफ असतो, आणि त्याच्यासाठी कंपनीनेच एक्झॉस्टमध्ये तापमानाचे सेन्सर दिलेले असतात. अशा गाडीला भोक पाडू नका. वॉरंटीचा प्रश्न येतो, आणि गरजही नसते. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये ब्लूटूथ डोंगल लावून मोबाइलवर आकडा दिसतो का ते आधी तपासा. बऱ्याच गाड्यांत दिसतो, काहींत नाही.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं (एक्झॉस्ट स्वच्छ करणाऱ्या डब्याचं) म्हणून जे तापमान मोबाइलवर दिसतं, ते मोजलेलं नसतं. हवा, वेग आणि टायमिंग यांवरून गाडीच्या ईसीयूने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाने, काढलेला तो अंदाज असतो. गाडी निरोगी असेल तर तो ठीक. बिघाड झाला तर तो बिघाड या अंदाजात उतरेलच असं नाही. म्हणून त्या आकड्यावर निदान करू नका.

डीपीएफवाल्या गाडीत आणखी एक घोळ होतो. सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने चालवतानाही आकडा एकदम ६०० अंश सेल्सिअसच्या घरात जातो आणि काही मिनिटं तिथेच राहतो. नवा माणूस घाबरतो. तो बिघाड नाही, डीपीएफ स्वतःत साचलेली काजळी जाळतो आहे. तेव्हा गाडी बंद करू नका, चालू द्या.

पुढचं सगळं जुन्या गाड्यांसाठी, ट्रॅक्टर-पंप-जनरेटरसाठी, आणि रीमॅप (ताकद वाढवण्यासाठी ईसीयूची सेटिंग बदलणं) केलेल्या किंवा करायच्या बेतात असलेल्यांसाठी.

पायरी दुसरी: सामान घेणं

तुम्हाला हवं आहे ते के-टाइप थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडून ते टोक तापवलं की दुसऱ्या टोकाला किंचित व्होल्टेज मिळतं. सीबेक नावाच्या शास्त्रज्ञाने १८२१ साली हा परिणाम दाखवला, आणि आजही मोजणी त्याच तत्त्वावर चालते. के-टाइपमध्ये क्रोमेल आणि अल्युमेल हे दोन मिश्रधातू असतात. अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. ६०० अंशांना जेमतेम २५ मिलिव्होल्ट. एवढ्याशा व्होल्टेजवर सगळा खेळ आहे, म्हणून वायरिंगला इथे फार महत्त्व.

बाजारात स्वस्त थर्मोकपल भरपूर मिळतात. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हीटर आणि ओव्हनसाठीचे बोल्टवाले प्रोब, म्हणजे थर्मोकपलच्या कांड्या, टांगलेलेच असतात. त्यातले बरेचसे ४०० अंशांपर्यंतचे. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनातून एक्झॉस्ट बाहेर आणणाऱ्या पाइपांच्या जोडात, ते टिकत नाहीत. दुकानदाराला स्पष्ट सांगा: धातूच्या नळीत भरलेला, टोक बंद असलेला, के-टाइप. डिझेलला स्टेनलेस स्टीलची नळी चालते. पेट्रोलला, त्यातून टर्बो पेट्रोलला, इन्कोनेलची (निकेलच्या मिश्रधातूची) नळीच घ्या, कारण तिथे ९०० च्या वर रोजचं जाणं असतं.

नळी ३ मिलिमीटरची घेतली तर आकडा पटकन बदलतो. ६ मिलिमीटरची जास्त दिवस टिकते पण सुस्त असते. मालवाहू डिझेलला मी जाड लावतो. नेमका क्षण पकडायचा असेल, पेट्रोलचं ट्यूनिंग करायचं असेल, तर बारीक.

वायर वाढवायची वेळ आली तर घरातली तांब्याची वायर जोडू नका. सर्रास होणारी चूक आहे ही. बॉनेटखाली जिथे तुम्ही तांबं जोडलंत तिथे ८० अंश आहेत आणि केबिनमध्ये ३०, तर मीटर सरळ ५० अंश कमी दाखवणार. तुम्ही ७०० समजताय तेव्हा प्रत्यक्षात ७५०. के-टाइपचीच एक्स्टेन्शन केबल मिळते, तीच वापरा. वायरी उलट जोडल्या गेल्या तर ओळखणं सोपं आहे: टोक तापवलं की आकडा वाढण्याऐवजी उतरतो. रंगावर फार विसंबू नका. अमेरिकन पद्धतीत लाल वायर ऋण असते आणि पिवळी धन, आणि आपल्या हाताला लाल म्हणजे धन अशी सवय.

स्वतः सर्किट बांधणाऱ्यांसाठी मॅक्स ६६७५ ही चिप सोपी आहे, १०२४ अंशांपर्यंत वाचते. डिझेलला पुरते. टर्बो पेट्रोलला अपुरी पडू शकते, तिथे मॅक्स ३१८५५ घ्या. मात्र हिला असा प्रोब लागतो ज्याचं आतलं टोक बाहेरच्या नळीला चिकटलेलं नाही. नाहीतर गाडीच्या अर्थिंगमुळे आकडे उड्या मारतात.

पायरी तिसरी: बसवण्याआधी उकळत्या पाण्यात बघा

हे कुणी करत नाही, आणि करावं असं मला मनापासून वाटतं. प्रोब, केबल, मीटर सगळं जोडून घ्या. चहाच्या पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्या आणि टोक त्यात धरा, तळाला टेकू देऊ नका. रत्नागिरीत १०० दिसायला हवं. पुण्यात ९८ च्या आसपास, महाबळेश्वरला ९५ च्या जरा वर, कारण उंचीवर पाणी लवकर उकळतं. मग बर्फाचा चुरा आणि पाणी एकत्र करून त्यात शून्य येतं का बघा. दोन-तीन अंशांचा फरक सोडून द्या. दहा-पंधराचा असेल तर जोडणीत चूक आहे, ती मॅनिफोल्डला भोक पाडायच्या आधी सापडलेली बरी.

पायरी चौथी: प्रोब नेमका कुठे

टर्बो डिझेलमध्ये प्रोब टर्बोच्या आधी हवा, मॅनिफोल्डमध्ये जिथे सगळ्या सिलिंडरचे पाइप एकत्र येतात तिथे. टर्बोनंतर लावलात तर लोडवर आकडा १०० ते २०० अंश कमी दिसतो, कारण तेवढी उष्णता टर्बोचं चाक फिरवण्यात खर्च झालेली असते. हा फरक ठरलेला नसतो, लोडप्रमाणे बदलतो. म्हणून नंतरच्या आकड्यात दीडशे मिळवले की झालं, असं होत नाही. काहीजण मुद्दाम नंतर लावतात, कारण प्रोबचं टोक तुटलं तर तुकडा टर्बोत जातो. भीती खोटी नाही, पण चांगला प्रोब वेळेवर बदलला तर ती फारशी उरत नाही. मी आधीच लावतो.

टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत पाइप एकत्र येतात तिथे, कॅटॅलिटिकच्या आधी. एकाच सिलिंडरवर नजर ठेवायची असेल तर त्याच्या पाइपात, हेडपासून दोन-तीन बोटं अंतरावर. चार सिलिंडरला चार प्रोब लावत असाल तर चारही अंतरं सारखी ठेवा, नाहीतर तुलना करता येत नाही.

टोक वायूच्या धारेत मध्यावर यायला हवं. भिंतीला चिकटलं तर ते लोखंडाचं तापमान वाचतं.

भोक पाडताना मॅनिफोल्ड काढून खाली घ्या. गाडीवरच ड्रिल मारून, ग्रीस लावून कीस पकडू, असं सांगणारे भेटतील. बिडाचा कीस भुकटीसारखा असतो, सगळा ग्रीसला चिकटत नाही, आणि उरलेला टर्बोच्या पात्यांवर जातो. जुन्या गाडीचे मॅनिफोल्डचे स्टड तुटतात हे खरं आहे, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि गॅस्केट नवीन आणून ठेवा. बसवताना आट्यांना उष्णता सोसणारं तांब्याचं ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी फिटिंग निघेल. केबल मॅनिफोल्डपासून आणि पंख्यापासून लांब बांधा.

पायरी पाचवी: महिनाभर फक्त लिहा

मीटर लागलं की लगेच गाडी तपासायला घेऊ नका. एक वही ठेवा. तोच रस्ता, तोच चढ, तेवढंच वजन, कुठल्या गिअरमध्ये किती. आयडलला किती, सपाटीला ६० च्या वेगाला किती. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा तुमच्या कामाचा नाही. तुमच्या गाडीचा निरोगी आकडा माहीत असला तरच बिघडलेला ओळखू येईल. आमच्या रत्नागिरीत बोटीवर इंजिनिअर म्हणून गेलेली बरीच मुलं आहेत, त्यांना हे शिकवावं लागत नाही. जहाजाच्या मोठ्या इंजिनावर प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टला थर्मामीटर असतो, आणि ते एकेका आकड्यापेक्षा सगळ्यांच्या सरासरीपासून कोण किती लांब गेला ते बघतात.

परदेशी व्हिडिओत १३०० हा आकडा वारंवार ऐकू येईल. ते फॅरनहाइट आहे. आपल्या मापात ७०० च्या जरा वर.

डिझेलचे आकडे

टर्बोच्या आधी मोजलेले, साधारण अंदाज असे. आयडलला १०० ते १८०. सपाटीला आरामात २५० ते ४००. भरलेली गाडी घाटात ५०० ते ६५०. सलग ७०० च्या वर राहायचं नाही. ओव्हरटेक करताना काही सेकंद ७५० ला टेकलं तर लगेच काही होत नाही, पण पाच मिनिटं तिथे राहिलात तर पिस्टनचं डोकं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि टर्बो यांचं आयुष्य जातं. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, तो पावणेसहाशेच्या आसपासच वितळायला लागतो. तो टिकतो तो खालून येणाऱ्या तेलामुळे आणि सिलिंडरच्या भिंतीतून पाण्याकडे जाणाऱ्या उष्णतेमुळे. धग त्या निवण्यापेक्षा जास्त झाली की मिस्त्री म्हणतो, इंजिन पकडलं.

आकडा चढायला लागला तर काय करायचं? पाय थोडा उचला, हे पहिलं. दुसरं, गिअर खाली घ्या. नवीन माणसाला हे उलटं वाटतं, इंजिन ओरडायला लागल्यावर ते जास्त तापेल असं वाटतं. आंबा घाटात मी हे स्वतः पुन्हापुन्हा बघितलं आहे. तिसऱ्या गिअरमध्ये, १४०० आरपीएमला, पाय पूर्ण दाबलेला, आकडा ६८० आणि अजून चढतोय. दुसरा गिअर टाकला, आरपीएम २३०० वर गेले, आणि पंधरा सेकंदांत आकडा ५९० वर आला. इंजिन जोरात फिरलं की टर्बो जास्त हवा देतो, आणि तेवढ्याच कामासाठी प्रत्येक स्ट्रोकला कमी डिझेल लागतं. गाडी गुदमरवत चढवणं हे सगळ्यात गरम चालवणं आहे. मीटरने मला शिकवलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट.

आता मे महिन्यातली एक फेरी. नेहमीसारख्याच पेट्या, नेहमीचाच दुसरा गिअर. वहीप्रमाणे दुसऱ्या वळणाला ६०० ते ६२० दिसायला हवं होतं. दिसले ६९०. पुढच्या चढाला ७२०. पाण्याचा काटा मध्यावर, जरासुद्धा हललेला नाही. आरशात मागे काळा धूर. काका म्हणाले, "थांबव. गाडी ओढत नाहीये." बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, आयडलला सगळं ठीक. मग काकांना पाय दाबायला सांगितलं आणि मी वाकून ऐकत होतो. इंटरकूलरकडून येणाऱ्या रबरी होजपाशी फुस्स आवाज आला. खालच्या बाजूने, हात घातल्याशिवाय कळणार नाही अशा जागी, बोटभर चीर. टर्बोने दाबलेली हवा तिथून निसटत होती आणि पंप मात्र नेहमीएवढंच डिझेल देत होता. चीर टोकाजवळ होती म्हणून होज तेवढा कापला, क्लिप आवळली, आणि वर निघालो. त्याच चढाला ६१०.

डिझेलमध्ये आकडा वाढला तर म्हणून हवेचा रस्ता आधी बघा: एअर फिल्टर, होज, इंटरकूलरची फट, टर्बो. मग बाहेरचा रस्ता, म्हणजे तुंबलेला सायलेन्सर. मग डिझेल फवारणारं नोझल आणि टायमिंग. उंचीही विसरू नका. ५,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जरा वरच असतो. लडाखला जुनी डिझेल घेऊन जाणाऱ्यांना तिथे काळा धूर दिसतो आणि आकडा चढतो तो यामुळे.

टर्बो नसलेल्या जुन्या दोन-तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टर-जनरेटरला प्रत्येक सिलिंडरच्या पाइपावर प्रोब लावून बघा. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा ५०-६० अंश थंड असेल तर त्याचं नोझल कमी देतंय किंवा कॉम्प्रेशन गेलंय. उलट तेवढाच जास्त गरम असेल तर नोझल गळतंय का ते बघा.

रीमॅप किंवा ट्यूनिंग बॉक्स लावणाऱ्यांना कळकळीने सांगतो: आधी मीटर लावा, मग ताकद वाढवा. बॉक्स बहुतेक वेळा डिझेल वाढवतो. हवा तेवढी वाढली का, हे ईजीटीशिवाय गाडीत बसून कळत नाही.

पेट्रोलचे आकडे

आयडलला ३५० ते ५००. ऐंशीच्या वेगाला सपाटीला ६०० ते ७००. पूर्ण पाय दाबला की ८०० ते ९००. टर्बो पेट्रोलमध्ये ९५० ही नेहमीची गोष्ट, आणि काही टर्बो १०५० पर्यंत सोसायला बनवलेले असतात. डिझेलवाल्याला हे आकडे बघून धडकी भरते. पण पेट्रोलचे टर्बो आणि मॅनिफोल्ड निकेल जास्त असलेल्या महाग धातूंचे असतात. पाती फिरवून भूमिती बदलणारे टर्बो डिझेलमध्ये सर्रास झाले तरी पेट्रोलमध्ये फार उशिरा आले, त्याचं कारणही ही धग. २००६ च्या पोर्शे ९११ टर्बोमध्ये बोर्गवॉर्नरने तो बसवला तेव्हा ती मोठी बातमी होती.

पेट्रोलमध्ये पूर्ण लोडवर ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल टाकतो, कारण न जळलेलं पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषतं. अशा वेळी इंजेक्टर तुंबला किंवा पेट्रोल पंप कमजोर झाला तर मिश्रण टेकडीच्या माथ्याकडे सरकतं आणि आकडा वाढतो. म्हणून लोडवर वाढलेला आकडा म्हणजे आधी पेट्रोलचा पुरवठा तपासा. तो ठीक असेल तर टायमिंग.

आणि खाली आलेला आकडा? भावाच्या गाडीत रात्री खंबाटकी घाटाच्या अलीकडे असं झालं. ६४० वरून आकडा घसरत पाचशेच्या घरात आला. त्याला वाटलं गाडी निवांत चालली आहे. इंजिन जरा थरथरत होतं, चेक इंजिनचा दिवा लुकलुकत होता, पण घर जवळ म्हणून तो तसाच निघाला. थांबला तेव्हा गाडीखाली कॅटॅलिटिक लालभडक झालेलं. एका सिलिंडरची इग्निशन कॉइल गेली होती. त्या सिलिंडरात काही जळतच नव्हतं म्हणून मॅनिफोल्ड थंड, आणि तेच न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिकमध्ये जाऊन पेटत होतं. कॉइल काही हजारांची. कॅटॅलिटिकचा खर्च त्याच्या कितीतरी पट. डिझेलवाला म्हणेल आकडा उतरला, छान. पेट्रोलमध्ये कारण नसताना आकडा उतरला तर ते मिसफायरचं लक्षण समजून थांबायचं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर नक्कीच.

नॉकिंग, म्हणजे इंजिन खटखटणं, हेही असंच. तेव्हा उष्णता वायूबरोबर बाहेर जाण्याऐवजी पिस्टन आणि हेडमध्ये शिरते. आकडा थोडा उतरतो आणि नुकसान आत होत राहतं. त्यामुळे पेट्रोलमध्ये ईजीटी एकटं पुरत नाही. सोबत मिश्रण दाखवणारं वाइडबँड मीटर असेल तरच ट्यूनिंगला हात घाला.

सीएनजीचं थोडं. सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, त्याला ठिणगी थोडी आधी लागते. बाहेरून बसवलेल्या किटबरोबर टायमिंग पुढे करणारा भाग नसेल तर एक्झॉस्ट जास्त गरम राहतो आणि व्हॉल्व्हच्या सीट झिजतात. त्याच रस्त्यावर आधी पेट्रोलवर, मग सीएनजीवर आकडा बघून ठेवा. फरक मोठा असेल तर किटवाल्याकडे वही घेऊन जा. नुसतं "गरम वाटतं" म्हणण्यापेक्षा वहीतले दोन आकडे पुढे ठेवले की तोही नीट लक्ष घालतो.

गाडी बंद करताना आणि पुढे

घाट चढून वर आलात, चहाच्या टपरीसमोर गाडी लावली, आणि लगेच किल्ली फिरवली तर टर्बोचं तेल फिरायचं थांबतं आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये ते जळून काजळी होते. किती वेळ आयडलला ठेवायची याचा वाद मीटर मिटवतो. डिझेलमध्ये आकडा २०० च्या खाली आला की बंद करा. शेवटचे दोन किलोमीटर हलक्या पायाने आलात तर अर्ध्या मिनिटात येतो, सरळ चढावरून आलात तर दोन मिनिटं लागतात. टर्बो पेट्रोलमध्ये आयडललाच आकडा चारशेच्या आसपास असतो, तिथे २०० ची वाट बघत बसू नका. आकडा उतरायचा थांबला की बंद करा.

प्रोबचं टोक दिवसेंदिवस झिजतं आणि काजळीने माखतं, तेव्हा तो सुस्त होतो आणि हळूहळू कमी दाखवायला लागतो. आंब्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, मार्चमध्ये, मी तो काढतो, टोक तपासतो आणि पुन्हा उकळत्या पाण्यात बुडवतो. टोकाला खड्डे पडलेले दिसले की नवीन घालतो. काढलेल्या प्रोबबरोबर एक होज क्लिप आणि रबरी होजचा हातभर तुकडा पिकअपच्या सीटखाली डब्यात ठेवलेला असतो.